टेराकोटा आर्मी: "प्रत्येक चेहरा खऱ्या सैनिकाचा", हे खरं की गाईडची थाप?

रानवाट (धागाकर्ता)
मंडळी, गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामाने शांघायला जाणं झालं, तेव्हा शनिवार-रविवार जोडून शिआनला जाऊन आलो. मेहुणाही तिथेच नोकरीला असतो, तोही आला. ती मातीच्या सैनिकांची फौज लहानपणापासून फोटोत बघत आलोय, पण एक नंबरच्या खड्ड्याच्या कठड्याशी उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. (मेहुणा पाच मिनिटं गप्प, हे वेगळंच आश्चर्य.) २३० मीटर लांब, ६२ मीटर रुंद खड्डा, वर रेल्वे स्टेशनसारखं छत, आणि खाली रांगाच्या रांगा, बहुतेक सगळे पूर्वेकडे तोंड करून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: छिन शी हुआंग, म्हणजे इ.स.पू. २२१ मध्ये चीनमधली सगळी राज्यं जिंकून पहिला सम्राट झालेला माणूस. इ.स.पू. २१० मध्ये वारला. त्याच्या कबरीच्या टेकाडापासून दीडेक किलोमीटर पूर्वेला ही फौज पुरलेली होती. मार्च १९७४ मध्ये दुष्काळ म्हणून विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली. एकूण ८,००० च्या आसपास असावेत असा अंदाज, पण बहुतेक अजून मातीखालीच आहेत.

आता मुद्दा. आमची गाईड म्हणाली, एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही, कारण प्रत्येक पुतळ्यासाठी एक खरा सैनिक समोर उभा केला होता. मला पटलं. मेहुणा म्हणाला, कसलं काय, साच्याचा माल आहे सगळा, टुरिस्टांना सांगायच्या गोष्टी. बसमध्ये सुरू झालेलं भांडण मी पुण्याला परत आल्यावरही व्हॉट्सअॅपवर चालूच आहे. पैज लागली आहे, हरणाऱ्याने दिवाळीत दोन्ही घरांना मिसळ घालायची. इथल्या जाणकारांनी निकाल द्यावा.

अर्धवटराव
मेहुण्याशी पैज लावलीत तिथेच हरलात. निकालाची वाट कशाला बघताय.

खडूस_काकू
आधी मिसळ कुठली ते लिहा. पुण्यातली असेल तर शिक्षा हरणाऱ्याला कुठे झाली, ती खाणाऱ्यांना झाली.

झुरळमार
काकू पहिल्याच पानावर धागा पेटवणार. मी खुर्ची टाकून बसलो.

पेणकर
आमचा पेणला गणपतींचा कारखाना आहे, आजोबांपासून. चीनला गेलेलो नाही पण या पुतळ्यांबद्दल मिळेल ते वाचतो, कारण धंदा एकच, माती. तर माझं मत.

साचा आणि हात यात "किंवा" नसतंच हो. बाहेरच्या लोकांना वाटतं की साचा आला की सगळे सारखे. आमच्याकडे एकाच साच्यातून दोनशे मूर्ती निघतात, पण साच्यातून निघालेला गणपती हा अर्धाच गणपती. हात वेगळे लावतो, सोंडेचा पीळ हाताने सारखा करतो, जोड घासतो, आणि मग डोळ्यांची आखणी. आखणी करणारा बदलला की तोच साचा वेगळा दिसायला लागतो. माझा काका आखायचा तेव्हा गिऱ्हाईक लांबून ओळखायचं.

या सैनिकांचंही तसंच दिसतं. पाय भरीव, त्यावर मातीच्या वळ्या एकावर एक रचून पोकळ धड, हात वेगळे, डोकं वेगळं. डोक्याचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग साच्यात दाबून जोडलेले, जोड बहुतेक कानाच्या आसपास येतो. मग त्यावर ओली माती लावून मिशा, भुवया, केसांचा अंबाडा, कान हे सगळं हाताने. म्हणजे मेहुणा पन्नास टक्के आणि तुम्ही पन्नास टक्के. पण "समोर सैनिक उभा केला" हे मला पटत नाही. आठ हजार सैनिक कारखान्यात आणून उभे करायला वेळ कुणाला आहे? तुम्ही कधी गणेश चतुर्थीच्या आधीच्या महिन्यात कारखान्यात आलायत का?

अजून एक सांगतो. पावणेसहा फुटांच्या वर उंचीचा, शंभर-दोनशे किलोचा मातीचा पुतळा न तडकता भाजणं ही खरी करामत आहे. आम्ही शाडू उन्हात वाळवतो तरी तडे जातात, जाडी कमीजास्त झाली की गेलाच. यांनी हजार अंशाच्या आसपास भाजलेत. घोड्यांच्या कुशीत गोल भोकं आहेत, फोटोत नीट बघा, भट्टीत आतली वाफ बाहेर जायला. चेहऱ्यावरून भांडताय, मी असतो तर त्या भोकासमोर अर्धा तास उभा राहिलो असतो.

गुळपोळी
पेणकरदादा, दंडवत घ्या. शेवटच्या परिच्छेदासाठी धागा सार्थकी लागला.

उत्खननवेडा
पेणकरांशी नव्वद टक्के सहमत. थोडी भर घालतो, लांबेल.

चिनी अभ्यासकांनी चेहऱ्यांच्या आकाराचे साधारण आठ प्रकार केलेत, आणि त्यांना नावं चिनी अक्षरांच्या आकारावरून दिलीत, म्हणजे चौकोनी चेहरा, खाली निमुळता, वर निमुळता, मध्ये रुंद असं. त्या मूळ आकारांवर दाढीमिश्या, केशरचना, कपाळावरच्या आठ्या यांची अदलाबदल. ठरावीक सुटे भाग, जोडण्या मात्र असंख्य. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं सगळे वेगळे, आणि ते खोटंही नाही.

पण माझ्या मते या पुतळ्यांवर खरी माणसं आहेत, फक्त ती चेहऱ्यात नाहीत. पुतळ्यांवर आडबाजूला छोटे शिक्के मारलेत किंवा कोरून अक्षरं लिहिलीत. ती कारागिरांची, म्हणजे बहुधा मुकादमांची, नावं आहेत. अशी ८० हून जास्त वेगवेगळी नावं आतापर्यंत वाचली गेलीत. काहींच्या आधी "गोंग" म्हणजे राजवाड्याचं अक्षर येतं, ते सरकारी कारखान्यातले. काहींच्या आधी "शियानयांग" म्हणजे राजधानीचं नाव, ते शहरातले बाहेरचे कुंभार. सरकारी कारखान्यातल्यांचे पुतळे एकसारखे, शिस्तीतले आणि दणकट, बाहेरच्यांच्यात जास्त वैविध्य. हे सरकारी कुंभार एरवी राजवाड्यांसाठी कौलं आणि सांडपाण्याचे नळ करायचे. सैनिकांचे पाय बघितलेत तर नळ आठवतोच.

आणि हे नाव लिहिणं कौतुकासाठी नव्हतं. छिन राज्यात नियमच होता की वस्तूवर करणाऱ्याचं नाव हवं, म्हणजे माल खराब निघाला तर कुणाला धरायचं ते कळेल. तिथल्या शस्त्रांवर तर पूर्ण उतरंड आहे, वर पंतप्रधान ल्यू बुवेई, खाली अधिकारी, सगळ्यात खाली प्रत्यक्ष घडवणारा.

झुरळमार
म्हणजे जगातली पहिली "तक्रार असल्यास संपर्क" पट्टी.

बेन्झीन
शस्त्रांचा विषय निघालाच आहे तर एक फॉरवर्ड इथेच मारून टाकू. "दोन हजार वर्षांपूर्वी चिन्यांना क्रोम प्लेटिंग येत होतं, म्हणून तलवारी अजून चकचकीत" हे दर सहा महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर येतं. १९७० च्या दशकात काही शस्त्रांवर क्रोमियम सापडलं होतं, त्यावरून ही समजूत पसरली. २०१९ मध्ये तिथल्या म्युझियमच्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी मिळून चारशेच्या वर शस्त्रं तपासली. क्रोमियम मोजक्याच नगांवर, आणि तेही मुख्यतः जिथे लाकडाची मूठ किंवा दांडा होता त्या भागांजवळ. पाती आणि बाणांची टोकं, जिथे खरं तर प्लेटिंग हवं, तिथे जवळजवळ नाहीच. ते आलं कुठून, तर लाकडावर आणि पुतळ्यांवर लावलेल्या लाखेतून. शस्त्रं टिकली ती ब्राँझमध्ये कथील भरपूर असल्यामुळे आणि तिथल्या बारीक कणांच्या, किंचित अल्कधर्मी मातीमुळे.

थोडक्यात, श्रेय मातीचं. पेणकर खूष.

पेणकर
:) आमची मातीवर श्रद्धा आहेच.

अबकड
हे सगळं ठीक आहे पण आपल्याकडे याच्याही आधी

खडूस_काकू
अबकड, वाक्य तिथेच थांबवलंत ते उत्तम केलंत. पुढेही तसंच ठेवा.

गुळपोळी
मी २०१२ ला गेले होते, सासूबाई बरोबर होत्या. त्यांना गर्दीत चालवेना म्हणून आम्ही तीन नंबरच्या लहान खड्ड्यापाशी बराच वेळ बसलो. तिथे ६८ च पुतळे आहेत, सेनापतींचं ठाणं म्हणे. सासूबाईंनी विचारलं, "हे सगळे रंगवलेले होते ना गं?" मी म्हटलं, छे, मातीचेच. नंतर बाहेरच्या माहितीत वाचलं की खरंच सगळे रंगवलेले होते! त्यांनी कशावरून ओळखलं कुणास ठाऊक, म्हणाल्या, कोण राजा एवढा खर्च करून बिनरंगाचे ठेवील.

रंग गेले कुठे ते बेन्झीन सांगतील का?

बेन्झीन
सासूबाईंना नमस्कार सांगा. बरोबर आहे त्यांचं.

आधी भाजलेल्या मातीवर लाखेचा थर, म्हणजे तिकडच्या लाखेच्या झाडाचा चीक, आणि त्यावर रंग. लाल हिंगुळाचा, हिरवा मॅलॅकाइटचा, निळा अॅझुराइटचा, पांढरा हाडांच्या राखेचा. आणि एक जांभळा, तो फार भारी आहे, कारण तो निसर्गात तयार सापडत नाही, बेरियम, तांबं आणि सिलिका एकत्र तापवून बनवलेला. त्याला हान जांभळा म्हणतात.

दोन हजार वर्षं लाखेचा थर ओल्या मातीत होता. पुतळा बाहेर काढला की शिआनच्या कोरड्या हवेत ती लाख सुकते, आक्रसते, कडा वर वळतात आणि रंगासकट पापडासारखी सुटते, सगळा खेळ काही मिनिटांचा. सुरुवातीला जे काढले त्यांचे रंग असेच गेले, बऱ्याच वेळा तर रंग पुतळ्यावर न राहता समोरच्या मातीला चिकटलेला सापडला. नंतर बव्हेरियातल्या तज्ञांबरोबर काम करून उपाय काढला, ओल असतानाच पॉलिएथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन द्यायचं, ते पाण्याची जागा घेतं. १९९९ मध्ये दोन नंबरच्या खड्ड्यात गुडघा टेकून बसलेला एक तिरंदाज सापडला, त्याचा चेहरा हिरवा आहे. चक्क हिरवा. का, यावर प्रबंध लिहिले जातायत.

अर्धवटराव
त्याला बसमध्ये खिडकी मिळाली नसेल.

झुरळमार
अर्धवटराव =)) =))

गुळपोळी
@रानवाट, म्हणजे मूळ प्रश्न असाही होतो की रंगवलेला चेहरा कसा दिसत असेल. आपण साच्यावरून भांडतोय आणि भुवया, बुबुळं, कातडीची छटा सगळं तर त्या लाखेबरोबर गेलं. पेणकरदादांची आखणीच आपल्याला दिसत नाहीये.

पेणकर
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शंभर टक्के. आमचा कच्चा माल बघून कुणी म्हणालं की सगळे गणपती सारखे, तर मी त्याला काय सांगेन? पंधरा दिवसांनी ये.

वाचनमात्र
चार वर्षं नुसतं वाचतोय, पहिल्यांदा लिहितोय, सांभाळून घ्या. मी एमबीबीएसला शिआनला होतो. घरून कुणीही आलं की त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे, त्यामुळे ती फौज मी निदान अकरा वेळा बघितली आहे, शेवटी शेवटी मी बाहेर नूडल्स खात बसायचो.

दोन गोष्टी. एक, कान. २०१४ मध्ये तीस सैनिकांच्या कानांचे थ्रीडी मॉडेल करून मोजमापं घेतली होती. कानाचा आकार माणसागणिक वेगळा असतो, ओळख पटवायलाही वापरतात, म्हणून कान. तीसपैकी दोन कानसुद्धा सारखे निघाले नाहीत, आणि फरक खऱ्या माणसांच्या कानात असतो त्या प्रकारचा होता. हा रानवाट यांच्या बाजूचा पुरावा.

दोन, लोकांना वाटतं मातीची फौज ही एकच. शिआन विमानतळाच्या वाटेवर यांगलिंग आहे, छिननंतर आलेल्या हान घराण्यातल्या जिंग सम्राटाची कबर, तो इ.स.पू. १४१ मध्ये वारला. १९९० मध्ये विमानतळाचा रस्ता करताना सापडली. तिथे खड्ड्यांवर काच टाकली आहे आणि तुम्ही अंधारात त्या काचेवरून चालता, खाली पायाशी बाहुल्या. उंची दोन फूट, उघडेबोडके, आणि हात नाहीत. मित्राची आई घाबरून परतच फिरली होती. खरं म्हणजे त्यांना लाकडाचे हात आणि खरे कपडे होते, लाकूड आणि कापड कुजून गेलं. शिवाय डुकरं, कुत्री, मेंढ्या, कोंबड्या, ओळीने मांडलेल्या. छिनने फौज नेली, याने मटणाची सोय बघितली. मला हाच राजा जास्त आवडतो. गर्दीही नसते.

उत्खननवेडा
वाचनमात्र, तुम्ही चार वर्षं का गप्प बसलात?

त्यांचं बरोबर आहे, या फौजा अनेक आहेत. गंमत म्हणजे १९७४ च्याही आधी, १९६५ मध्ये, शियानयांगजवळ यांगजियावानला हान काळातले २,५०० च्या आसपास छोटे रंगीत सैनिक आणि घोडेस्वार सापडले होते. १९८४ मध्ये पूर्वेकडे शुझौला चू राज्याच्या हान राजाची ४,००० च्या वर बाहुल्यांची फौज निघाली. पण सगळ्या लहान. माणसाएवढी फौज छिननेच केली, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. कारणं सरळ आहेत, हान राजांना छिनचं काय झालं ते दिसत होतं. हा मेल्यावर चार वर्षांत घराणं बुडालं. इ.स.पू. २०६ मध्ये बंडखोर शियांग यू राजधानीत घुसला, त्याने जाळपोळ केली असं इतिहासकार लिहितात आणि खड्ड्यांमध्येही छताच्या तुळया जळून कोसळल्याच्या खुणा आहेत. म्हणून तर जवळजवळ सगळे पुतळे तुकड्यांत सापडले. रानवाट, तुम्ही बघितलेला प्रत्येक उभा सैनिक हा कुणीतरी महिनोन् महिने बसून जुळवलेला आहे.

कानांबद्दल: अभ्यास चांगला आहे, पण तीस कान ८,००० पैकी आहेत. आणि कान हाताने केलेले असतील तर ते वेगळे येणारच. वेगळा असणं म्हणजे कुणाचा तरी असणं नव्हे.

वाचनमात्र
मान्य. पण एवढे अचूक कान करायला कारागिराने माणसांचे कान नीट बघितले असणार ना. मी अॅनाटॉमीत कान काढायचो तर सर म्हणायचे हा बटाटा आहे.

निमिष_न्यूजर्सी
ग्रीकांचा मुद्दा कसा आला नाही अजून? माणसाएवढे वास्तव पुतळे चीनमध्ये आधी नव्हते आणि अचानक आले, म्हणून काही युरोपीय अभ्यासक म्हणतात की अलेक्झांडरनंतर मध्य आशियात आलेल्या ग्रीक शिल्पकलेची खबर तिथवर पोचली असावी.

उत्खननवेडा
आला नाही तेच बरं होतं. :) गृहीतक म्हणून ठीक आहे, पण खड्ड्यात ग्रीक असं काहीही सापडलेलं नाही, माती तिथलीच, तंत्र कुंभाराचं, कपडे, शेंड्या, चिलखत सगळं छिनचं. चिनी पुरातत्त्वज्ञांनी यावर बराच आक्षेप घेतला आहे. मला विचाराल तर मोठे पुतळे करायला मोठे पुतळे बघावे लागतातच असं नाही, मोठा राजा पुरतो.

निमिष_न्यूजर्सी
ठीक, पण खबर पोचणं अशक्य नव्हतं एवढंच म्हणतोय. २०१७ मध्ये इथे फिलाडेल्फियाला प्रदर्शन आलं होतं, आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. त्याच प्रदर्शनात रात्रीच्या पार्टीला आलेल्या एका पोराने सैनिकाचा अंगठा मोडून घरी नेला, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढे कोर्टकचेरी. इकडे कित्येक दिवस तेच चाललं होतं.

झुरळमार
त्यापेक्षा २००६ चा जर्मन विद्यार्थी भारी. सैनिकासारखे कपडे करून, अंगाला माती फासून खड्ड्यात उतरला आणि रांगेत उभा राहिला. पोलिसांना शोधायला वेळ लागला म्हणे, कारण हलतच नव्हता. आणि २०२५ मध्ये एकाने कठड्यावरून उडीच मारली, दोन पुतळ्यांचं नुकसान झालं.

रानवाट, आता तुमची थिअरी पक्की. निदान एक चेहरा खऱ्या माणसाचा होता, २००६ मध्ये.

सोलापुरी_चादर
अवांतर करतो पण राहवत नाही. शिआन ज्या शान्शी प्रांतात आहे त्याच प्रांतात यानआन आहे, जिथे १९३९ मध्ये आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर पोचले होते. आणि शिआन म्हणजे जुनं चांगआन, ह्युएन त्संग भारतातून ६४५ मध्ये पोथ्या घेऊन परत गेला ते हेच गाव. त्याने महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल लिहिलंय की उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत.

खडूस_काकू
म्हणजे रानवाट आणि त्यांचा मेहुणा.

आता मला एक विचारायचंय, गंमत सोडून. ही मातीची फौज का केली? माणसं पुरायच्या ऐवजी ना?

उत्खननवेडा
काकू, हो आणि नाही.

छिन घराण्यात राजाबरोबर माणसं पुरायची पद्धत जुनी होती. फंगशियांगला त्यांच्या एका पूर्वजाची, जिंग ड्यूकची, कबर १९७६ ते १९८६ अशी दहा वर्षं खणली, तिच्यात १८६ माणसांचे अवशेष निघाले. इ.स.पू. ३८४ मध्ये छिनच्याच एका राजाने ही चाल बंद केली. त्यामुळे मातीची माणसं म्हणजे दयाळूपणा असं म्हणायचा मोह होतो.

पण सिमा छियान, जो शंभरेक वर्षांनी इतिहास लिहितो, तो सांगतो की सम्राटाच्या मुलाने बापाच्या मूल नसलेल्या बायकांना त्याच्याबरोबर मरायला लावलं, आणि आतली रचना माहीत असलेले कारागीर आतच कोंडले. तोच कबरीवर सात लाख माणसं राबली असंही लिहितो. (मातीच्या फौजेबद्दल मात्र चकार शब्द नाही! म्हणून तर १९७४ पर्यंत कुणाला पत्ता नव्हता.) आणि टेकाडाच्या पश्चिमेला मजुरांची दफनभूमी सापडली आहे. तिथे काही प्रेतांबरोबर कौलाचे तुकडे ठेवलेत, त्यावर ओरखडून लिहिलंय की हा अमुक, तमुक गावचा. काही जण कर्ज किंवा दंड फेडायला मजुरीवर आलेले, हजार-हजार किलोमीटरवरच्या जिंकलेल्या राज्यांमधले.

खडूस_काकू
कौलाच्या तुकड्यावर.

बरं.

गुळपोळी
हे वाचल्यावर पुतळ्यांचे चेहरे कुणाचे हा प्रश्न वेगळाच वाटायला लागला. शेजारी ज्याला रोज बघतो त्याचं नाक कारागिराच्या हातातून उतरलं असेल की. सैनिक कशाला समोर उभा करायला हवा, ओळीत माती मळणारे होते ना.

पेणकर
हे होतं. मुद्दाम न करता होतं. आमच्याकडे एक कारागीर होता, त्याच्या गौरी सगळ्या त्याच्या बायकोसारख्या दिसायच्या. बायकोला कधी कळलं नाही, गावाला मात्र माहीत होतं.

अबकड
मुख्य कबर का उघडत नाहीत? घाबरतात का, शाप वगैरे?

उत्खननवेडा
शाप नाही, अनुभव. १९५६-५७ मध्ये बेजिंगजवळ मिंग घराण्यातल्या वानली सम्राटाची कबर उघडली. आतलं रेशीम हवा लागल्यावर खराब झालं, आणि पुढे माओच्या सांस्कृतिक क्रांतीत रेड गार्डनी, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांनी, सम्राटाची हाडं बाहेर काढून जाळली. त्यानंतर राजांच्या कबरी आपणहून उघडायच्या नाहीत असं धोरण ठरलं. बेन्झीननी सांगितलेला लाखेचा प्रकार तर आहेच. शिवाय सिमा छियान लिहितो की आत पाऱ्याच्या नद्या केल्या होत्या, आणि टेकाडाच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखर जास्त आढळलं आहे. २०२० मध्ये तर वरच्या हवेतला पारासुद्धा मोजला, तोही आजूबाजूपेक्षा जास्त.

ज्या माणसामुळे फौज वाचली त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही म्हणून घेतो. झाओ कांगमिन, लिनटोंगच्या छोट्या म्युझियमचा माणूस. शेतकऱ्यांनी तुकडे इकडेतिकडे टाकले होते, ब्राँझची टोकं भंगारात जात होती. म्हातारे लोक म्हणत होते ही मातीची भुतं, अपशकुन. झाओंनी तुकडे गोळा करून पहिले पुतळे जुळवले, आणि गप्प बसले, कारण काळ सांस्कृतिक क्रांतीचा, जुन्या वस्तू जपल्या म्हणून आधी एकदा त्यांना जाहीर माफी मागावी लागली होती. बातमी बाहेर गेली ती एका पत्रकारामुळे. उन्हाळ्यात पुरातत्त्वज्ञ युआन झोंगयी आणि त्यांची तुकडी आली, आठवडाभरात काम आटपू असं वाटलं होतं त्यांना.

बेन्झीन
आठवडाभराचं काम पन्नास वर्षं चालू आहे. आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी पण याच लोकांना दिली असावी.

रानवाट
बापरे, दोन दिवस बाहेर होतो तर इथे एवढं. सगळ्यांचे आभार. मेहुण्याला लिंक पाठवली, त्याने पूर्ण वाचला. तो म्हणतो की "साचा वापरला" हे पेणकर आणि उत्खननवेडा दोघांनी मान्य केलंय, म्हणजे तो जिंकला. मी म्हणतो की चेहरे वेगळे आहेत हेही दोघांनी मान्य केलंय. पेणकर, तुम्हीच शेवटचा शब्द द्या. पन्नास-पन्नास नको, मिसळ अर्धी घालता येत नाही.

पेणकर
पैजेचे शब्द काय होते ते बघा. तुम्ही म्हणालात समोर सैनिक उभा केला. ते नाही टिकत. मेहुणा म्हणाला सगळा साच्याचा माल. "सगळा" हा शब्द नाही टिकत. दोघंही हरले, दोघांनी घालावी. आम्हाला पत्ता कळवा.

बाकी तुमच्याकडे जवळून काढलेला एखादा फोटो असेल, कानाच्या मागच्या बाजूचा, तर टाका ना. जोड कुठे घेतलाय आणि कसा बुजवलाय ते बघायचंय. तेवढ्यावरून सांगतो कारागीर कसा होता ते.

रानवाट
आत्ता सगळे फोटो चाळले. एकूण २१४. जवळून काढलेला कान एकाच फोटोत आहे, आणि त्याच्यापुढे मेहुण्याचा कान आलाय.

पेणकर
टाका तोच.

वाचनमात्र
हो टाका. मी सांगतो कुठला खरा ते.